रानचहाला दिलेला नकार

जिन्यात दोघांची टक्कर होता होता राहिली. ती वर चालली होती, तो पत्र्याचा डबा छातीशी धरून खाली येत होता, आणि जिना असा अरुंद की एकाने भिंतीला चिकटल्याशिवाय दुसऱ्याला वाट नाही. चिकटला तोच. पण डबा मात्र त्याने तान्ह्या बाळासारखा जपला.

"चहा चाखणाऱ्या बाई कुठे बसतात हो?" त्याने विचारलं. "ज्याला विचारावं तो नुसतं वर बोट दाखवतो, आणि वर तर कुणीच नाही."

"आता येतील वर. पण जपून हं... फार खडूस आहेत म्हणे."

"म्हाताऱ्या आहेत?"

"तसं काही माझ्या कानावर नाही."

तो हसला. केस पावसात भिजलेले, बाहीला लाकडाच्या धुराचा वास, आणि डोळ्यांत लांबच्या प्रवासाची झोप. दोन मिनिटांनी वरच्या खोलीत, पांढऱ्या पेल्यांच्या टेबलामागे खुर्ची ओढून तीच बसली, तेव्हा त्याचे कान लालबुंद झाले. तिला हसू आवरेना.

पेढी मामाची. डोंगरातून येणारा चहा मामा विकत घ्यायचा आणि शहरात विकायचा. पण वयाबरोबर मामाची जीभ बोथट झाली होती, त्यामुळे कुठला चहा घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा, हे भाची ठरवायची. घरीदारी सगळे तिला जिभली म्हणत. चहा चाखताना विकणाऱ्याने बाहेर थांबायचं, हा पेढीचा जुना नियम. पण हा म्हणाला, की रानातला चहा नेहमीसारखा केला तर रुसतो, तेवढं दाखवायला मला आत राहू द्या. मामा त्या दिवशी खुशीत होता. "राहा," म्हणाला. सगळा घोटाळा तिथेच झाला.

त्याची झाडं कुणी लावलेली नव्हती, कुणी छाटलेलीही नव्हती. रानात आपल्या मर्जीने घराएवढी उंच झालेली. पानं खुडायची तर शिडी लावावी लागे. सुकलेली पानं काळी, लांब, पीळ दिलेल्या दोऱ्यासारखी होती. पाण्याची उकळी बसू द्यायची, मग ओतायचं, आणि नेहमीच्या दुप्पट वेळ झाकून ठेवायचं, तो सांगत होता. सांगता सांगता पेल्यावर झाकण ठेवायला वाकला... आणि त्याचं मनगट तिच्या मनगटाला लागलं. नुसतं लागलं. त्याने चटकन हात मागे घेतला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच.

तिने चहाचा भुरका मारला, तोंडात घोळवला, थुंकला. चाखणारे चहा गिळत नाहीत. जिभेवर नुसतं लाकूड. तिने पुन्हा घेतला. तो शेजारी श्वास रोखून उभा होता, आणि ते तिला ऐकू येत होतं.

"तुरट आहे," ती म्हणाली. "मागे काही राहत नाही."

तिला जे लागलं तेच तिने सांगितलं होतं. मामाने मान हलवली. टेबलावर एकदा शब्द गेला की फिरत नसे. नाहीतर पेढीची जीभ विकत मिळते असं बाजार म्हणाला असता. तो "बरं" म्हणाला आणि डब्याचं झाकण लावू लागला. लावताना अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं, बोलून गेला. लांबच्या शहरात भावाच्या कारखान्यात त्याला काम मिळत होतं. हा चहा इथे खपेल एवढ्या एका आशेवर तो थांबला होता. आता झाडं लाकूडवाल्याला जातील. "डबा इथेच राहू दे, भिजेल. उद्या जाताना नेतो."

तो गेला आणि तिने उरलेले नमुने चाखायला घेतले. गंमत म्हणजे प्रत्येक चहाची चव सरळ लागली. गोड तो गोड, कडू तो कडू. म्हणजे जीभ बिघडलेली नव्हती.

मामा खाली गेल्यावर तिने तो डबा उघडला. उकळी बसू दिली, पाणी ओतलं, झाकलं, आणि हातावर हात धरून बसून राहिली. झाकण काढलं तेव्हा पेल्यात गडद तांबडा रंग उतरला होता. पहिल्या घोटाला ओल्या सालीचा वास, मग मधासारखं काहीतरी, आणि थुंकायचं विसरून तिने गिळला, तर घशातून गोडवा हळूहळू परत वर आला. बराच वेळ राहिला.

पण हा चहा बोलतोय की आपलं मन? तिने आणखी तीन चहा केले, डोळे मिटून पेल्यांची जागा बदलली, चाखलं. दर वेळी तोच सापडला. चहा खरा होता. तिची जीभही खरी होती. मग मघाशी, त्याच्यासमोर, चुकलं काय होतं? उत्तर तिला ठाऊक होतं, पण ते मामासमोर म्हणायचं कसं? गप्प राहावं, तर तो कायमचा जाणार. बोलावं, तर जिभलीच्या जिभेवर उद्या कोण विश्वास ठेवणार? तिला झोप कसली लागते.

सकाळी तो डबा न्यायला आला, तेव्हा मामा खुर्चीत बसला होता आणि ती खिडकीशी उभी होती.

"मामा, कालचा निकाल चुकला."

मामाने चष्मा काढला. "शब्द फिरवायचा तर कारण लागतं, पोरी. मला बाजाराला तोंड द्यायचंय."

"माझं तोंड कोरडं पडलं होतं. कोरड्या तोंडाला सगळाच चहा तुरट लागतो."

"बरं नव्हतं का तुला?"

"बरी होते."

"मग?"

पळून जावंसं वाटलं तिला. खिडकीच्या चौकटीला नख लावत, कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "हे... शेजारी उभे होते."

मामाने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"म्हणजे खोट चहात नव्हती, चहावाल्यात होती," मामा म्हणाला. "तुम्ही बाहेर जा हो. दार लावून घ्या."

दार लागलं. तिने मामाच्या देखत पुन्हा चहा केला, चाखला, आणि काय लागलं ते एक एक करून सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. मग मामाने स्वतः घोट घेतला. त्याच्या बोथट जिभेलाही घशातला तो गोडवा कळला असावा, कारण पेला त्याने रिकामा करूनच खाली ठेवला.

"सगळा घेऊ. बाजारात सांगेन, काल पाणी चुकलं होतं." दारापाशी जाऊन त्याने ते उघडलं, लाकूडवाल्याला नकार कळवा असं बाहेरच्याला सांगितलं, आणि आपल्याला खाली फार कामं आहेत असं पुटपुटत जिना उतरला. एरवी या वेळी त्याला काडीचं काम नसे.

तो आत आला. डब्याला हात लावला नाही.

"भावाला काय कळवाल?" तिने विचारलं.

"येत नाही म्हणून."

"ते कारण विचारतील."

"तर खरं तेच सांगेन... तुम्ही सांगितलंत तसं." त्याचाही आवाज आता कोरडा झाला होता. "शेजारी कोण उभं होतं ते."

ती थोडी सरकली, आणि तो शेजारी येऊन उभा राहिला.