खरेदीगोत

लग्नाच्या बोलण्यांत हल्ली पत्रिका नंतर, आधी खरेदीगोत विचारतात. हसू नका, त्यात तथ्य आहे. माणूस तोंडाने हव्या तेवढ्या थापा मारेल, पण महिन्याकाठी काय विकत घेतो त्यात खोटं कसं बोलणार? 'अंगणबाजार' या ऑनलाइन दुकानाने साऱ्या देशाच्या पिशव्या तपासल्या, सारख्या सवयींच्या माणसांचे गट पाडले आणि ज्याला जे लागेल ते मागण्याआधीच त्याच्यापुढे धरायला सुरुवात केली. हा गट म्हणजेच खरेदीगोत. आता दुसरं दुकानच उरलेलं नाही, त्यामुळे गोत नसलेला माणूसही नाही.

सांगलीच्या रूपाली सावर्डेकरांना या सगळ्याशी एकच कर्तव्य होतं. त्यांची लेक सानिका विशीत घर सोडून गेली आणि नाव बदलून कुठे नाहीशी झाली ते कळलंच नाही. भांडण तिच्या लग्नावरून झालं होतं. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," हे शब्द रूपालीताईंचे. नवरा आधीच गेलेला. घरात त्या आणि ते वाक्य, एवढंच उरलं.

त्यांच्या माडीवर भाड्याने राहून शिकलेला केदार आगाशे आता पुण्यात अंगणबाजारचा शास्त्रज्ञ होता. त्या थेट त्याच्यापुढे जाऊन बसल्या, सानिकाला शोधून दे म्हणाल्या.

"नियमात बसत नाही, काकू."

"माझ्या हातचं जेवताना नियम विचारत होतास का रे?"

केदार हसला, मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "नाव बदलतं, गाव बदलतं, सवय नाही बदलत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं. जांभळी लोकर लाखो लोक घेतात. त्यांतले जवसाची चटणी घेणारे थोडे. त्यांतले डावखुऱ्यांची कात्री घेणारे आणखी थोडे. सवयी वाढवत गेलं की माणसं गळत जातात, शेवटी एकच उरतं. यंत्र नाव वाचतच नाही. तुम्ही सवयी सांगा."

त्या सांगत गेल्या. साबण कुठला, वहीला रेघा हव्यात की नकोत, थंडीत पायाला काय लावते. कुठेही अडल्या नाहीत.

यंत्राने एकच माणूस काढून दिलं.

"सापडली," केदार म्हणाला. "बरी आहे. यंत्राच्या अंदाजाने लग्न झालंय. घरात तान्हं बाळ असावं."

रूपालीताईंनी पदर तोंडाला लावला. "मी आजी झाले आणि मलाच ठाऊक नाही! पत्ता दे. इथूनच जाते."

केदारने पत्ता उघडला आणि पुन्हा एकदा ताडून पाहिला.

"काकू, हे घर तुमचंच आहे."

झालं होतं असं. पोर उद्या दारात उभी राहिली तर तिचं अडायला नको, म्हणून रूपालीताई तिच्या वस्तू मागवत राहिल्या होत्या. खोकं कोण उघडतं ते दुकानाला दिसत नाही, मागवलेलं तेवढं दिसतं. दुकानाने त्यांना सानिकाच्या वयाच्या मुलींच्या गोतात घातलं. त्या मुली हिरवा चुडा घेऊ लागल्या, तसा यांच्याही पुढे चुडा आला. मग बाळंतविडा आला. आपली पोरही आता हेच घेत असेल, असं म्हणत रूपालीताईंनी दर वेळी 'हो' दाबलं होतं.

"मग खरी सानिका कुठे?"

"तिच्याशी जुळणारं दुसरं कुणीच नाही, काकू. एक तर ती..." केदारने मान खाली घातली. "नाहीतर आहे, पण घरातली एकही सवय तिने ठेवलेली नाही."

दोन्हींतलं कमी वाईट कोणतं, ते त्यांना ठरवता येईना.

"आणि मी रे? मी कुठल्या गोतात?"

"तुमचं म्हणून वेगळं काही मागवणं थांबल्याला वर्ष होत आलं. यंत्र समजतं, त्या घरातली आई वारली. मी दुरुस्त करतो. पण मग ती मुलगी यंत्रातून पुसली जाईल."

"हात लावू नकोस," रूपालीताई म्हणाल्या आणि उठल्या.

सांगलीला परतल्यावर त्यांनी कपाटातून बाळंतविड्यातली कुंची काढली, घडी घालून परत ठेवली. तेवढ्यात फोनवर अंगणबाजारचा निरोप आला.

'ताई, तुमच्या आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं असेल. काळे तीळ, दर्भ आणि बाकीचं सामान पाठवू का?'

इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आता मात्र आवरेना.

"तूच करशील गं, दुसरं आहे कोण मला," असं म्हणत त्यांनी 'हो' दाबलं.