पाठमोरी तृप्ती

दुपारचं ऊन कलू लागलं की डॉ. रेवती चौगुले तृप्तीलेखनाच्या खोलीत जायची, गळ्याभोवती टिपणपट्टा बांधायची आणि भिंतीकडे तोंड करून खायला बसायची. वाटीभर भडंग, एखादा शेंगदाण्याचा लाडू, वर घोटभर चहा. पाठीमागे काच होती. काचेपलीकडे डॉ. फिरोज मुजावर पडद्यावरच्या रेघा बघत असायचा. रेवतीची मान खाली, घास लहान, चावण्याचा आवाज नाही. परक्या घरात कुणी हळूच फडताळ उघडावं, तसं तिचं खाणं.

तिचं पोट भरायचं आणि ते भरलेपण कोल्हापूरभर वाटलं जायचं.

हिंदूराव मगदूम आले तेव्हा तिने वाटी नुकतीच खाली ठेवली होती. हिंदूराव म्हणजे तालमीचे वस्ताद. ऐन उमेदीत त्यांची मान दोघांच्या हातांत मावत नसे. कुस्ती सुटली, वजन चढलं, गुडघे गेले, म्हणून ते वजन उतरवायच्या या संस्थेत आले होते. आता वजन उतरलं होतं, पण दारातून आत येताना त्यांची नजर फरशीवर होती.

"काय वस्ताद, झकास उतरलाय की," फिरोज म्हणाला. "गुडघे काय म्हणतात?"

"गुडघं बोलायचं थांबलं. आता बाकीचं सगळं बोलाय लागलंय." ते खुर्चीत बसले, खुर्ची करकरली. "डॉक्टरबाई, मला एकदा पयल्यापासनं सांगा. पट्टी लावताना तुम्ही सांगितलंसा, पर तवा माझं ध्यान तुमच्या टेबलावरच्या बिस्किटात होतं."

रेवतीला हसू आलं. "पोट भरलं की पोटाकडून मेंदूकडे निरोप जातो, वस्ताद. एक लांबलचक नस आहे, तिचा एक फाटा कानापाशी येतो. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळांचं वजन जेवणाने वाढलेलं नसतं, दोन जेवणांच्या मधल्या खाण्याने वाढलेलं असतं. एक डॉक्टर म्हणतो मधे थोडं खा, दुसरा म्हणतो पाण्याशिवाय काही नको. माणूस बिचारा डबा उघडू का नको, यातच दमतो. आम्ही म्हटलं, खाणं राहू दे, नुसता निरोप देऊ. मी खाते, माझा निरोप टिपला जातो. चार वाजता तुमच्या कानामागची तृप्तीपट्टी तो तुमच्या नसेत सोडते. पोट रिकामं, पण मेंदू म्हणतो, झालं."

"म्हंजे खाणार तुम्ही आन् ढेकर मला."

"तसंच."

"मग यंत्रालाच का न्हाई सांगत निरोप बनवाय?"

"बनवून बघितला," फिरोज म्हणाला. "मेंदू फसत नाही. जिवंत माणसाचाच लागतो. आणि एकदा एकाच्या निरोपाला सरावला की दुसऱ्याचा परका म्हणून टाकून देतो. तुम्ही सगळे बाईंच्या निरोपावर आहात."

वस्तादांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"मी जलमभर खाल्लं ते चारचौघांत," ते म्हणाले. "जत्रंत लोक माझी कुस्ती बघाय यायचे आन् मग माझं जेवण बघाय थांबायचे. ताट रिकामं झालं की टाळ्या. खाणं म्हंजे आमच्यात खुराक, त्यात लपवायचं काय? आता पट्टी बोलली की पोट भरतं, ते बेस हाय. पर त्याच्यासंगं मानेवर कायतरी येतं. कुणीतरी मागं उभं हाय आन् माझ्या हाताकडं बघतंय असं. आता तर पट्टी काढून जेवलो तरी येतं. तालमीत सगळे पठ्ठे पंगतीला बसत्यात आन् मी भिंतीकडं तोंड करून. पोरं म्हणत्यात, वस्ताद रुसलं."

"इतक्या लोकांनी पट्टी लावली," फिरोज सावकाश म्हणाला, "पण अशी तक्रार एकाचीही नाही."

"त्यांच्यात ते आधीपासनं असंल. माझ्यात नव्हतं, म्हणून मला कळलं की हे माझं न्हाई." वस्तादांनी मान खाजवली. "आन् हे बाप्याचं बी न्हाई. बाईचं हाय."

"कशावरून?" रेवतीने विचारलं. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"आमची आई अशी जेवायची. सगळ्यांचं झाल्यावर, चुलीकडं तोंड करून. एक ओवी म्हणायची ती..." त्यांनी गळा साफ केला. गाणं त्यांचं नव्हतं, त्यांनी नुसते शब्द मोजून ठेवले:

*लेक जेवली आडोशी, ठावं एकल्या भिंतीला,*
*तोंड न्हाई गं भिंतीला, सांगंल ती कुणाला.*

"तवा मला ते नुसतं गाणं वाटायचं," ते म्हणाले. "आता रोज चार वाजता कळतंय. पठ्ठ्यांच्या पंगतीत मला परत तोंड करून बसता आलं पायजे, डॉक्टरबाई. बाकी काय मागत न्हाई."

रेवतीला वळून आपल्या खाण्याच्या खुर्चीकडे बघवेना. लक्ष विचलित होऊ नये म्हणून, असं सांगून ती खुर्ची तिनेच भिंतीकडे वळवून घेतली होती.

वस्ताद बाहेर बाकावर बसले. फिरोजने पडद्यावर तिचा निरोप उलगडला. पोट भरल्याची जाड रेघ डोंगरासारखी सावकाश चढत होती, आणि तिला बिलगून एक बारीक, कापरी रेघ प्रत्येक घासाला उसळत होती.

"ही आपण तृप्तीचाच भाग धरली," फिरोज म्हणाला.

"कारण सगळ्यांत दिसत होती."

"कुणा सगळ्यांत?"

"सुरुवातीला ज्यांची टिपणं घेतली त्या..." रेवती थांबली. ती सगळी माणसं वजन उतरवायला आलेली होती. ज्याला खाताना कधी लाज वाटली नाही, तो या दारात येतोच कशाला? वस्ताद आले होते, तेही गुडघ्यांनी आणले म्हणून.

तिला चुलत बहिणीच्या लग्नातली पंगत आठवली. ती दुसरी जिलबी घेत होती, आणि काकू वाढता वाढता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "घे गं घे, शिवणारणीला आणखी कापड आणून देऊ." पंगत हसली. रेवतीही हसली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. तेव्हापासून तिचा घास तोंडाकडे सरळ गेला नव्हता. आणि तो वाकडा घास तिने शहराच्या कानामागे चिकटवला होता, उपचार म्हणून.

"कापरी रेघ गाळून पाठवली तर?" तिने विचारलं.

"एका धाग्यात विणल्यात दोन्ही. एक ओढली की निरोप यंत्राचा वाटतो, मेंदू घेत नाही."

"मग पट्ट्या थांबव. सगळ्यांच्या."

"लोकांची वजनं उतरतायत, रेवती."

"कशाने उतरतायत ते बघितलंस ना आत्ता? त्यांना भूक नाही म्हणून ती माणसं डबा उघडत नाहीत असं मी सभांमधून सांगत फिरले. ती घाबरून उघडत नाहीत, फिरोजभाई. कुणीतरी बघतंय म्हणून."

फिरोजने प्रसारण बंद केलं. मग खुर्ची मागे ढकलून म्हणाला, "इतरांना आपण खरं सांगू, ते त्यांचं ठरवतील. वस्तादांना मात्र उतारा लागेल. त्यांच्या मेंदूने खाणं आणि लाज यांची गाठ मारलीय, ती तुझ्याच निरोपाने सुटेल. तुझा एक निरोप हवा, ज्यात ही रेघ नाही. तू एकदा, फक्त एकदा, न लाजता खायचं."

"मी ठरवून थोडंच होतंय ते?"

"इथे नाही होणार. तालमीत होईल. तिथे लाजायला कुणाला वेळ नाही."

बाहेर वस्तादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आन् मग मधल्या वेळी खायचं का न्हाई खायचं, बाई? ते तर सांगा."

या प्रश्नाचं उत्तर रेवती वर्षानुवर्षं देत आली होती. आज तिला ते सापडेना. भूक लागली होती म्हणून खाल्लं का, हे तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. विचारायला घासापाशी थोडं थांबावं लागतं, आणि ती नेहमी कुणी यायच्या आत संपवायच्या घाईत असे.

"मला ठाऊक नाही, वस्ताद," ती म्हणाली.

तालमीत जोर-बैठका संपून पठ्ठे अंग पुसत बसले होते. हौद्यातल्या तांबड्या मातीला ताक-तेलाचा वास होता. पंगत मांडली होती: थंडाईचे लोटे, उकडलेली अंडी, केळी, बदामाचे लाडू. फिरोज कोपऱ्यात यंत्र मांडून बसला. रेवतीने टिपणपट्टा बांधला आणि पंगतीत बसली. तिच्यापुढे न विचारताच ताटली भरली गेली.

"एवढं नको," ती सवयीने म्हणाली.

"बाई, हळू खाऊ नका बरं," शेजारचा पठ्ठा गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "हितं हळू खाल्लं की शेजारचा खातो."

"ह्यो शेजारचा," दुसरा म्हणाला. "ह्याला कुस्तीत कोण हरवत न्हाई, कारण कुस्तीच्या टायमाला ह्यो जेवत असतो."

पंगत हसली. हे हसणं वेगळं होतं, ज्याला हसले तोही तोंडात अर्धं केळ घेऊन हसत होता. रेवतीने लाडू उचलला, अख्खा. दातांखाली बदाम कुडकुडला, तूप बोटांवर आलं, ते तिने पुसलं नाही. खांदे कानांपासून जरा खाली आले. कोपऱ्यात फिरोजचा चेहरा उजळत चालला.

मग तिची नजर पंगतीच्या टोकाला गेली.

वस्ताद तिथे पाठमोरे बसले होते. दरवाजासारखी रुंद पाठ, मांडीवर ताटली, आणि कोपर बरगडीला घट्ट चिकटवलेलं. ते कोपर तिच्या ओळखीचं होतं. ते तिचंच होतं.

तिने उरलेला लाडू ताटलीत ठेवला. तिने फिरोजकडे पाहिलं. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"रेघ उतरत होती," ती जवळ गेल्यावर तो हळू म्हणाला. "मग एकदम चढली. एवढी उंच मी कधी बघितली नव्हती."

"ते पाठ करून बसलेत ते माझ्यामुळे. ते बघत मी न लाजता कशी खाऊ?"

"म्हणजे तुझा उतारा मिळाल्याशिवाय ते वळणार नाहीत, आणि ते वळल्याशिवाय तुझ्याकडून उतारा निघणार नाही."

"मी भाईर जाऊन बसतो," वस्ताद भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "दिसणारच न्हाई तुमाला."

"पण मला ठाऊक असेल ना."

  वस्ताद ताटली खाली ठेवून म्हणाले, "दोघं एकमेकांत अडकली की एकानं पकड सोडाय लागती. न्हाईतर दिवस मावळतो."

ते उठले, वळले आणि पंगतीच्या मधोमध, सगळ्यांकडे तोंड करून बसले. एक अंडं उचललं, तोंडात टाकलं.

"वस्ताद फिरलं," कुणीतरी म्हणालं आणि पंगतीत आनंद पसरला.

"बघताय काय?" वस्ताद गुरगुरले. "हे संपवून तुमास्नी बी खातो."

पोरं मांड्या थोपटून हसली. फिरोजने रेवतीला खूण केली: आता. तिने पुन्हा बसून घास उचलला.

सगळ्यांना वस्ताद खाताना दिसत होते. त्याच्या आतलं तिला एकटीला दिसत होतं. घास पुरता आत जाण्याआधीच ओठ मिटत होते. ओठाच्या कोपऱ्याला काही लागलं तर नाही ना, म्हणून जीभ हळूच फिरून जात होती. डावा अंगठा ताटलीची कड घासत होता. आणि प्रत्येक घासानंतर एक चोरटी नजर, कुणी मोजत तर नाही ना. हे सगळं ती स्वतः आयुष्यभर करत आली होती, पण बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. आज ते एका थोराड मिशाळ माणसाच्या अंगावर चढलेलं होतं, आखूड झालेल्या अंगरख्यासारखं. सगळी तालीम फसली होती. फसायला हवी होती ती एकटीच, आणि तीच फसू शकत नव्हती. वस्तू जिची, तिला ती ओळखू येणारच.

वस्तादांनी तिच्याकडे पाहून भुवई उंचावली. जमतंय का?

हो म्हणता आलं असतं. फिरोजच्या पडद्यावरची रेघ होती तिथेच होती. रेवतीने नकाराची मान हलवली.

वस्तादांचे कान लाल झाले. तरी ते वळले नाहीत. पुढचा घास त्यांनी उचललाच, सगळ्यांसमोर. मग थोडं सरकून शेजारी जागा केली.

"या हिकडं."

ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली. समोर सगळी पंगत.

"मला वाटलं, एकदा तोंड फिरवलं की जाईल," वस्ताद फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले. "न्हाई गेलं. तुमी एवढी वर्सं हे घिऊन जेवलासा?"

 तिने गळ्याचा टिपणपट्टा सोडला आणि मातीत ठेवला. कोपऱ्यात यंत्राची रेघ सपाट झाली. फिरोजने झाकण लावलं आणि तोही पंगतीत येऊन बसला.

रेवती खाऊ लागली. मान भाजत होती, अंगठा ताटलीच्या कडेवर होता, शेजारचा अंगठाही. पोट भरत आलंय की नाही हे तिला कळेना. कळेपर्यंत तिने घासापाशी थांबायचं ठरवलं.

"बाई, आणखी एक लाडू?" समोरच्या पठ्ठ्याने परात पुढे केली. पंगत तिच्या हाताकडे बघत होती.

तिच्या तोंडात 'नको' आलं होतं. तिने पोटाला विचारलं. मग ताटली पुढे केली.