हवेचं वय

शीतखोलीचं जड दार ढकलून ती आत शिरली आणि जागीच थबकली. तिचाच जाडजूड कोट घालून कुणी परका माणूस तिच्या बर्फाकडे टक लावून बघत होता!

"कोट माझा आहे," ती कडाडली. "काढा."

त्याने निमूट काढला. उणे वीस अंशांत, नुसत्या शर्टावर. "सॉरी... बुडबुडेवाल्या म्हणतात त्या तुम्हीच ना? तो आलेख माझा—"

हाच तो! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिमयुगात हवा एकाएकी तापली, तशा दलदली जाग्या झाल्या आणि त्यांतून मिथेन सुटला, हे तिने वर्षानुवर्षं बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे फोडून दाखवलं होतं. आणि या नव्या माणसाच्या आलेखात मिथेन आधी, ऊब मागून! म्हणजे दलदलींचा संबंधच नाही. उद्याच्या बैठकीत विभागप्रमुख मॅडम तिचा शोधनिबंध थांबवणार होत्या.

"ऊब कळते बर्फावरून, मिथेन त्याच्या आतल्या हवेवरून. आणि त्या हवेला बर्फाचं वय लावलंत तुम्ही! हिम पडल्या पडल्या घट्ट होतं का? शेकडो वर्षं भुसभुशीत राहतं, वरची ताजी हवा आत खेळते. बर्फ म्हातारा, पोटातली हवा तरुण! तिला म्हातारी ठरवलंत, मग मिथेन आधी आलेला दिसणार नाही तर काय?"

तो ऐकत होता... की नुसता बघत होता? ओठ निळे पडले होते त्याचे.

"अहो, बाहेर तरी जायचं!"

"तुमचं... संपलं नव्हतं," तो कुडकुडत म्हणाला.

तिने कोट त्याच्या अंगावर फेकला. हसू आलं होतं, त्याचाही तिला रागच आला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत ती तोंड उघडणार, तोच तो उभा राहिला. "आलेख चुकलाय. चूक माझी. दलदलींचं यांचंच खरं आहे."

मॅडमनी चष्मा काढला. "मग तुमची इथली मुदत वाढवण्यात अर्थ नाही."

तो कागद आवरू लागला. तिचा शोधनिबंध तर बचावला होता, तिने गप्प बसायला हवं होतं.

"अर्थ नाही कसा?" ती ताडकन उठली. "भर बैठकीत चूक कबूल केली म्हणून हाकलायचं? इथे आजवर केलीय कुणी? दलदलींचं पुढचं काम मी यांच्याबरोबरच करणार. नाहीतर मीही निघाले!"

मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "बसा," त्या म्हणाल्या. "दोघंही. मुदतीचं बघते मी."

बाहेर त्याने हळूच विचारलं, "एवढं भांडलात... विज्ञानासाठी?"

"हो!" ती तणतणत पुढे गेली, मग गर्रकन वळली. "नाही. तुझ्यासाठी. आवडतोस तू मला — आणि मला याचा भयंकर राग येतोय!"

त्याने तिचा हात धरला. तिने तो सोडवला नाही, नुसती फणकारली.