दुसरा भाग येईपर्यंत

महाड स्टँडवर पोलादपूरच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली होती. त्या आनंदात मी असतानाच एका तरुणाने काही न विचारता माझ्या मांडीवर पत्र्याचा एक गोल, जड डबा आणून ठेवला.

"जरा धरा, बाई. अजून आठ हायत खाली."

मी बाई नव्हते. मी मैना, एकोणीस वर्षांची होते, डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते, आणि परक्या माणसाचा डबा मांडीवर घेऊन बसायची मला मुळीच सवय नव्हती. हे त्याला चांगलं सुनवायचं असं ठरवेपर्यंत तो खाली उतरून दुसरा डबा घेऊन आलासुद्धा. कंडक्टर कुरकुरत होता, लोक पाय आखडून घेत होते. हळूहळू सगळ्या डब्यांना जागा झाली. माझ्या मांडीवरचा मात्र तसाच राहिला, आणि गाडी सुटल्यावर तो माझ्याच सीटच्या दांड्याला धरून उभा राहिला.

यात आहे तरी काय, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. पिक्चर आहे म्हणाला. एवढ्याशा डब्यात? तर म्हणे तुकडा आहे, नऊ डबे मिळून एक पिक्चर होतो. मग थोडा वाकला, आणि अगदी हळू म्हणाला, "तुमच्याकडं हिरोईन आलीय. पुढं खड्डे हायत… नीट धरा तिला."

मी खिडकीबाहेर बघत बसले. पण डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, हेही खरं.

त्याचं नाव सोमा. महाडचाच. फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर होता. ही अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीतली गोष्ट. भात झोडून झालं होतं, लोकांना सवड होती आणि पोलादपुरात तंबू लागला होता. पिक्चरचं नाव होतं 'शेवटची होडी'. मी तो आठ दिवसांत चार वेळा पाहिला. आमच्या कापडे गावाहून शेजारच्या ठमाबाई सोबत यायच्या, कारण एकट्या मुलीला तंबूत कोण पाठवणार? ठमाबाई पहिल्या गाण्याला रडायला सुरुवात करायच्या ते थेट पिक्चर सुटेपर्यंत.

मशीन एकच होतं. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत खेळ थांबायचा आणि मशीनपाशी एक पिवळा बल्ब लागायचा. मधल्या दोरीच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. त्या बल्बच्या उजेडात सोमा रीळ चढवता चढवता बायकांच्या बाजूला बघायचा. एकदा बघायचा, मान खाली घालायचा, पुन्हा बघायचा. चौथ्या दिवशी तर रीळ चढवायला इतका वेळ लागला की पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या सुरू झाल्या. मी पदराचा बोळा तोंडात धरून हसू दाबत होते.

पिक्चर असा होता. धक्क्यावरच्या नावाड्याची मुलगी आणि शहरातून आलेला एक लाँचवाला. त्याला परत जावं लागतं. "येईन," म्हणतो. होडी निघते, ती धक्क्यावर उभी राहते, पाणी तिच्या घोट्यापर्यंत चढतं, तरी ती उभीच… आणि पडदा काळा. तंबूत दिवे लागायचे आणि सगळे स्टँडकडे पळत सुटायचे, कारण कापड्याला मुक्कामाला जाणारी शेवटची, वस्तीची गाडी बरोबर नऊला सुटायची आणि ती चुकली की रात्र स्टँडवर काढायची.

तो येतो की नाही? यावरून आमच्या तालुक्यात पुढे किती भांडणं झाली म्हणून सांगू! पाणवठ्यावर, लावणीला, बारशाला. पेपरात बातमी आली की याचा दुसरा भाग निघणार आहे, तेव्हा लोकांना हायसं वाटलं. म्हणजे येणार होता तर तो.

तंबू उठला त्या सकाळी धुकं होतं. लोक कनाती गुंडाळत होते आणि सोमा माझ्याशी बोलायचं म्हणून उगाच एक खुंटी पुन्हा पुन्हा उपटत होता. मुंबईला थेटरात काम मिळतंय, आजच निघतो, म्हणाला. गाववाल्यांच्या गाळ्यात वीस जणांत झोपायला जागा होईल. स्वतःची खोली झाली की येतो.

"तोवर…" तो म्हणाला.

"तोवर काय?"

"ती धक्क्यावर थांबलीय ना… तशी…"

त्याला पुढचं बोलता येईना. मीच बोलले. मला कुणी अर्धं वाक्य टाकलं की ते पुरं करायची भारी हौस.

"थांबेन," मी म्हटलं. "दुसरा भाग आपण दोघं मिळून बघू."

आणि थांबले. एक नाही, दोन नाही, साडेसहा वर्षं. डी.एड. झालं, कापड्यालाच शाळेवर लागले, आता खरोखरीची बाई झाले. सोमाची पत्रं आधी महिन्याला यायची, मग दिवाळीला, मग कधीतरी एखादं कार्ड. प्रत्येकात तेच, खोलीचं अजून जमलं नाही. तीन स्थळं मी परत पाठवली. मन डगमगलं की मला ती धक्क्यावरची मुलगी आठवायची. तिला पाण्याची भीती वाटली नव्हती, मला लोकांच्या बोलण्याची का वाटावी? हसू नका. त्या वयात माणूस कुणाचं ना कुणाचं बघूनच वागतं, आणि माझ्यासमोर तीच होती.

आईला, सुंदराबाईला, हे कसं सांगणार? ती सरळ बाई. चौऱ्याऐंशीच्या आषाढात तिने शेवटचं सांगितलं. "वरंधची माणसं रविवारी येतायत. मुलगा कचेरीत हाय, चांगला हाय. या टायमाला नाय म्हणू नको गो. माझ्यात आता ताकद नाय रायली लोकांना तोंड द्यायची."

त्याच आठवड्यात सोमाचं कार्ड आलं. दुसरा भाग लागलाय. गुरुवारी महाडला तीनचा खेळ. मी येतोय.

मी किरकोळ रजा टाकली. हिरवी साडी नेसले, ती पोलादपूरपर्यंतच भिजून काळी झाली. सावित्रीचं पाणी पुलाखाली गढूळ, फुगलेलं, आणि आभाळ इतकं खाली आलेलं की दुपारीच दिवेलागण झाल्यासारखं वाटत होतं. सोमा थेटराच्या पायरीवर उभा होता. केस विरळ झाले होते. मला बघून हसला, तेव्हा मात्र तोच होता, डबे चढवणारा. मी सगळं विसरले… तीन स्थळं, रविवार, आईचं तोंड, सगळंच.

"उशीर झाला," तो म्हणाला.

"अजून सुरू नाही झाला," मी म्हटलं.

पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की संवाद धड ऐकू येत नव्हते. पिक्चर आता रंगीत होता. हिरोचं पोट सुटलं होतं. हिरोईन तर दुसरीच कुणी घेतली होती. तेही चाललं असतं. पण पहिल्याच दृश्यात ती सासरच्या ओट्यावर बसली होती, हातात हिरवा चुडा, कपाळाला मोठं कुंकू आणि मांडीवर पाच वर्षांचा मुलगा.

"हिचं लग्न कधी झालं?" मी सोमाला विचारलं.

उत्तर दिलं ते मागच्या रांगेतल्या एका महाडच्या बाईने. "पयला नाय बघितलास काय? त्यातच होता ना. शेवटाला तो परत येतो, तवर हिनं लगीन केलेलं असतं. ती त्याला पाणी देते, तो पितो नि जातो. काय रडलेलो आम्ही…"

मी चार वेळा पाहिलाय असं तिला सांगणार होते. तेवढ्यात सोमाकडे लक्ष गेलं. तो पडद्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होता.

मध्यंतरात त्याने सांगितलं. व्हरांड्यात, पागोळ्यांच्या कडेला उभं राहून. जिथे लोक वस्तीच्या गाडीने परत जायचे तिथे टॉकीजवाले शेवटचं रीळ लावतच नसत. गाडी चुकली तर लोक दुसऱ्या दिवशी फिरकत नाहीत, म्हणून जिथे जमेल तिथे तोडून दिवे लावायचे. सगळ्या धंद्याची तीच रीत होती. अख्ख्या तालुक्याने धक्क्यावरची मुलगी पाहिली आणि तिलाच शेवट समजून घरी गेला. ज्या शेवटासाठी आम्ही साडेसहा वर्षं दुसऱ्या भागाची वाट पाहिली, तो पोलादपुरातच डब्यात पडलेला होता.

मला आधी हसूच आलं. मग एक गोष्ट आठवली.

"शेवटच्या दिवशी गाडी उशिरा होती," मी म्हटलं. "टायर फुटला होता. आम्ही तासभर स्टँडवर बसलो होतो."

"हो."

"मग त्या दिवशी तर वेळ होता."

आत घंटा झाली, लोक चहाचे पेले ठेवून आत जायला लागले.

"मालक बोललेला, गाडी लेट हाय, आज लाव पुरा," सोमा म्हणाला. "मीच बोललो, रीळ फाटलाय." तो पागोळ्यांकडे बघतच सांगत होता. "तू पुढंच बसलेलीस, मैना. तिच्याकडं बघत होतीस ना, तसं माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी जाणार. ती लगीन करते… हे तुला नव्हतं दाखवायचं मला. एवढंच. प्रेम होतं म्हणून केलं. आजपन हाय."

इतक्या वर्षांत त्याने हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. मी त्याची किती वेळा कल्पना केली होती. हा शब्द ऐकल्यावर मी काय बोलेन, कुठे बघेन, तेही ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

उरलेला पिक्चर आम्ही शेजारी बसून पाहिला. दहा मिनिटांत तिच्या नवऱ्याला वादळात बुडवलं, पुढे दोन गाणी झाली आणि शेवटी धक्क्यावर दोघं भेटली. लोक छत्र्या उघडत बाहेर पडताना नाकं मुरडत होते, पहिल्याची सर नाही म्हणत होते. सोमाने मला विचारलं, कसा वाटला?

"मी पहिला कुठे पाहिलाय?" मी म्हटलं.

स्टँडपर्यंत एकाच छत्रीतून गेलो. त्याचा खांदा भिजत होता आणि मला ते बघवत नव्हतं, छत्री त्याच्याकडे सरकवावीशी वाटत होती. माणूस रागावलेलं असलं तरी हात काही ऐकत नाहीत. फलाटावर तो थांबला. आता फसवायचं नाही असं ठरवून आला असावा, कारण त्याने खरं तेच सांगितलं. खोलीचं अजून झालेलं नव्हतं. एकाने शब्द दिला होता.

"वर्षभर फक्त, मैना. आता सगळं तुला ठाऊक झालंय. आता थांब."

"तू ते रीळ दाखवलं असतंस ना सोमा, तरी मी थांबले असते," मी म्हटलं. "तुझ्यासाठी थांबले असते. पण थांबणारी तेवढी चांगली आणि निघून गेलेली वाईट, असं नसतं, हे मला कळलं असतं. मला निघून जाताही येतं, हे माहीत असून थांबले असते. ते तुला नको होतं."

"मला भीती वाटली."

"मलाही वाटत होती. मी तुला सांगितली होती, पत्रांत."

गाडी लागली. त्याने माझा हात धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही भर स्टँडात, लोकांदेखत. मी लगेच सोडवून घेतला नाही. घ्यायला हवा होता, पण नाही घेतला. मग कंडक्टरने घंटी दिली.

"वर्षभर नाही," मी म्हटलं. "एक दिवससुद्धा नाही."

त्याने हात सोडला. त्याने भांडावं असं मला फार वाटत होतं.

पोलादपूरला वस्तीची गाडी धरली. आत आमच्याच गावचे सगळे, भिजलेले, घोंगड्यांचा वास. मी दुसरा भाग बघायला गेल्याची बातमी माझ्या आधी पोहोचली होती. ठमाबाईंनी मला ओढून शेजारी बसवलं.

"बघून आलीस ना? येतो का गो तो?"

पुढच्या सीटवरचा जानू वळला, त्याच्या पुढचेही वळले. सगळी गाडी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"येतो," मी म्हटलं.

"मंग? ती हाय ना थांबलेली?"

"नाही. तिनं लग्न केलेलं असतं. तो येतो, ती त्याला पाणी देते, तो पितो आणि जातो."

पावसाचा आवाज तेवढा येत होता. ठमाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, जरा वेळ तशाच बसल्या, आणि मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "बरा केला तिनी. किती उभी रायची पाण्यात?"

मी खिडकीकडे तोंड केलं आणि रडले. कापडे येईपर्यंत रडत होते. साडेसहा वर्षांत सोमासाठी मी एकदाही रडले नव्हते, कारण तो येणार होता.