दुसऱ्यांदा ओलांडलेला उंबरा

बाळंतीण माहेराहून सासरी येते तो दिवस कसा असतो, हे घरात लेकरू असलेल्या कुणालाही सांगायला नको. गाडीतून पाळणा उतरतो, डिंकाच्या लाडवांचे डबे उतरतात, दुपट्यांची गाठोडी उतरतात आणि सगळ्यात शेवटी, जपून जपून, बाळ. उज्वलाचं माहेर कळवणचं. तिथून ती नाशकात, इंदिरानगरच्या आपल्या फ्लॅटवर पोचली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर दुसऱ्या मजल्यावर.

दारात सासूबाई उभ्या होत्या, बायडाबाई. उभा जन्म निफाडकडच्या मळ्यात गेलेला. मुलाकडे राहायला आल्या तरी शहराला त्यांनी ना बोली दिली, ना रीत. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी तुकडा सुनेवरून आणि दोन महिन्यांच्या नातीवरून ओवाळला, जिन्याकडे भिरकावला, सुनेच्या पायांवर पाणी घातलं. वाटेत काही मागे लागलं असेल तर त्याने तो तुकडा घ्यावा आणि तिथूनच माघारी फिरावं, एवढंच त्याचं कारण. "ये आता," त्या म्हणाल्या.

उज्वला आली. आली म्हणजे पाय आले. मन गाडीत राहिलेल्या चार्जरपाशी होतं, पुसायच्या ओट्यापाशी होतं, उंबऱ्यापाशी तेवढं नव्हतं. आपलं सगळ्यांचंच असं असतं म्हणा. दार ओलांडताना दाराकडे कोण बघतो?

"अरे यार," तिचा नवरा रोहित मोबाईलकडे बघत म्हणाला, "रेकॉर्डच झालं नाही. उज्वला, परत एकदा ये ना. जिन्याच्या वळणापासून फक्त."

"भाकर टाकली की रे," बायडाबाई म्हणाल्या.

"नुसता हात फिरव आई. व्हिडिओत कुठे कळतंय?"

"आसं करू नाय बाबा..." त्या पुटपुटल्या. पण लेकापुढे त्यांचं कधी चाललंय?

उज्वला पुन्हा खाली वळणावर गेली. प्रवासात केस विस्कटले होते आणि आता तर ते व्हिडिओत दिसणार होते. तिने दुपट्यात गुंडाळलेली ठकी (बारशातलं नाव स्वरा, पण घरात ठकीच) क्षणभर पायरीवर ठेवली, केस बांधले आणि तिला उचललं. उचलताना तिने बाळाकडे बघितलं नाही. वर मोबाईल रोखून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून हसली. वर आली. बायडाबाईंनी रिकामा हात ओवाळला. व्हिडिओ झकास आला, पाहुण्यारावळ्यांनी हृदयं पाठवली.

त्या दिवसापासून ठकी रडेनाशी झाली.

पिते, पण भूक लागल्यासारखी नाही. टक लावून दाराकडे बघत राहते. रोहितने डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी वजन केलं, तपासलं आणि म्हणाले, "शांत बाळ आहे, नशीबवान आहात." रोहितला ते पटलं. रात्रभर झोप मिळणाऱ्या बापाला काय पटणार नाही?

उज्वलाचा मात्र पाय एका जागी ठरेना. ओट्यापाशी जायची, तिथून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा पाळण्यापाशी. रोज दिवे लागायच्या वेळी, खालच्या गाड्यांचा आवाज जरा थांबला की जिन्यातून रडणं यायचं. बारीक, दमलेलं, बराच वेळ रडून झाल्यावरचं. आणि ते ऐकलं की तिला पान्हा फुटायचा. ब्लाऊज ओला व्हायचा. मांडीवरची ठकी नुसती बघत असायची, आणि तिला पाजताना मात्र असा पान्हा कधी फुटत नसायचा.

तिने दार उघडून बघितलं. जिना रिकामा. वळणावर ओल्या फडक्याचा, आंबूस दुधाचा वास.

"आई, वरच्या मजल्यावर कुणाचं बाळ आहे का?"

"वर तर म्हातारा-म्हातारी राहत्यात." बायडाबाईंनी निवडायची मेथी खाली ठेवली. "तुलाबी ऐकू येतंय व्हय? मला वाटलं, माझे कानच वाजत्यात."

मग उज्वलाला राहवलं नाही. पायरीचं, केसांचं, सगळं सांगून टाकलं. सांगताना तिचं तिलाच ऐकू आलं. आपण बाळ खाली ठेवलं होतं. उचललं ते काय उचललं, हे आपण बघितलंच नाही.

बायडाबाई ओरडल्या नाहीत. उलट तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझी एकटीची चूक नाय. मी रिकामा हात फिरवला. वय झालं, पन अक्कल नाय आली." त्या उठल्या आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी रोहित कंपनीतून यायच्या आत, दिवेलागणीला, दोघी दाराशी आल्या. बायडाबाई तांब्या-तुकडा घेऊन उंबऱ्यात थांबल्या, उज्वला ठकीला घेऊन वळणावर गेली. रडणं अगदी जवळ होतं, पायाशी. दिसत काही नव्हतं.

"ठिव तिला," वरून हलकेच आवाज आला. "जिथं ठिवली व्हती तिथंच. केस सोड... बांध. घाई नको करू. आन आता मोबाईलकडं नाय, माझ्याकडं नाय. लेकराकडं बघ. आपलं लेकरू वळखून उचल."

उज्वलाने बाळ खाली ठेवलं. केस सोडले, बांधले. ती वाकली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच नुसती बघत राहिली. कानाच्या पाळीवरची लव, हनुवटीवरची खळी, पुसट भुवया. जिन्यातलं रडणं थांबलं. पायरीवरच्या ठकीने ओठ मुडपले आणि टाहो फोडला. उज्वलाने तिला छातीशी कवटाळलं, भाकरीचा तुकडा त्यांच्यावरून फिरला, लांब भिरकावला गेला, पायांवर गार पाणी पडलं. उंबरा ओलांडताना तिने उंबऱ्याकडे बघितलं. आत आल्याबरोबर ठकी अशी प्यायली की तिला ठसका लागला. दोघी रडल्या आणि हसल्याही. रोहितला कळू दिलं नाही.

इथेच संपायला हवं होतं. पण आईचं काळीज वेडं असतं हो.

दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीला जिन्यातून पुन्हा आवाज आला. रडणं नव्हे, नुसता हुंदका. ठकी पोट भरून झोपलेली, तरी पान्हा आला. ते जे काही होतं, त्याला आठवडाभर आपणच पाजलं होतं, हे उज्वलाला विसरता येईना. तिने वाटीत थोडं दूध काढलं आणि बायडाबाईंची नजर चुकवून वळणावरच्या पायरीवर ठेवलं. सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख. मांजर असेल, असं तिने मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच ठेवली. सकाळी वाटी एक पायरी वर होती. मग आणखी एक. आपणच धांदलीत वर ठेवली असेल, असंही तिने मनाला सांगून बघितलं. मनाला काय, सांगाल ते ऐकतं.

त्या दिवशी तिने ठरवलं, आता बास. दूध ठेवायचं नाही. दिवे लागायच्या आधीच वाटी उचलून आणायची आणि दार लावून घ्यायचं. ठकीला खांद्यावर टाकून ती दाराशी गेली. जिन्यात बघितलं, वाटी नव्हती. मागे वळली तेव्हा पायाला काहीतरी लागून खणकन वाजलं.

वाटी उंबऱ्याच्या आत होती. रिकामी.

तेवढ्यात आतल्या खोलीतून, पाळण्याच्या कुरकुरीसोबत बायडाबाईंचा आवाज आला. नेहमीचा, प्रेमळ, जरा वैतागलेला.

"उज्वले, आगं ये ना लवकर. ठकी कवाची रडतीया, घे तिला."

ठकी उज्वलाच्या खांद्यावर गाढ झोपली होती.