ज्याचा फटका, त्याचा चेंडू

दुकानात गेलात, पैसे समोर ठेवले आणि दुकानदार म्हणाला, "नाही विकत!" असं तुमच्या बाबतीत कधी झालंय? नाही ना? दुकानदार कसला नाही म्हणतोय! तो तर छत्री मागायला आलेल्याच्या गळ्यात रेनकोटही मारेल. पण कृष्णाई शिंगटेच्या बाबतीत हे खरंच घडलं, आणि ती अशी काही भडकली की विचारू नका.

"का नाही विकत? माझे पैसे खोटे आहेत का?"

"पैसे खरे आहेत. चेंडू चुकीचा आहे," हेकटराव शांतपणे म्हणाले.

हेकटराव म्हणजे कराडच्या खेळ ग्राहक भांडारातले यंत्रमानव. त्यांचं खरं नाव म्हणजे नुसता एक लांबलचक क्रमांक होता. पण एखादी गोष्ट पटली नाही की ते जागचे हलायचे नाहीत, म्हणून पोरांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. भांडार सहकारी, म्हणजे सभासदांच्याच मालकीचं. ते सुरू करताना सभासदांनी एकमतानं ठराव केला होता, की ज्याच्या उपयोगाची वस्तू नाही त्याला ते समजावून सांगितल्याशिवाय ती विकायची नाही. माणसं असले ठराव करतात आणि चहा पिऊन विसरून जातात. यंत्रमानव विसरत नाहीत, हीच तर पंचाईत!

आता कृष्णाईची अडचण ऐका. गोल्फ हा एके काळी बड्या लोकांचा खेळ होता. पण या गोष्टीच्या काळात तो नगरपालिकेच्या शाळांमध्येही पोचला होता. कृष्णाई सातवीत होती आणि शाळेच्या संघात होती. रविवारी जिल्ह्याची अंतिम स्पर्धा होती आणि देवकर सरांनी बजावून सांगितलं होतं, "ज्याच्याकडे 'सम्राट' चेंडू नाही, तो संघात नाही!" सम्राट म्हणजे जगज्जेते वापरतात तो चेंडू. पांढराशुभ्र, वर सोनेरी मुकुट, आणि किंमत ऐकून तोंडाला कोरड पडावी असा. कृष्णाईची आई उसावर फवारणी करणारे ड्रोन चालवायची. ड्रोनच्या नव्या बॅटरीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिनं काही न बोलता लेकीच्या हातात दिले होते. आणि इथे हे लोखंडी आजोबा म्हणतात, विकत नाही!

"मी नीट पारखून घेतलाय," कृष्णाई म्हणाली. "हे बघा!"

तिनं एका हातात सम्राट धरला आणि दुसऱ्या हातात 'सोबती' नावाचा स्वस्तातला पिवळा चेंडू. दोन्ही खांद्याइतक्या उंचीवरून फरशीवर सोडले. गल्लीतल्या क्रिकेटसाठी रबरी चेंडू घेताना पोरं हेच करतात. ज्याचा टप्पा उंच, तो चेंडू भारी. सम्राट दोन बोटं जास्त उसळला.

"झालं? बांधून द्या आता."

"टप्पा झकास आहे," हेकटराव म्हणाले. "पण रविवारी तू चेंडू फरशीवर सोडणार आहेस, की क्लबनं (गोल्फच्या काठीनं) मारणार आहेस?"

"दोन्ही एकच की!"

"एकच नाही."

"मग सिद्ध करा! नुसतं बोलायला काय जातंय?"

हेकटरावांना हेच हवं होतं. भांडाराच्या मागच्या बाजूला एक मोठी जाळी बांधलेली होती. तिथे त्यांनी कृष्णाईला दोन्ही चेंडू आलटून पालटून मारायला लावले आणि स्वतः डोळे विस्फारून बघत उभे राहिले. त्यांचे डोळे म्हणजे अतिवेगवान कॅमेरे. मग त्यांच्या छातीवरच्या पडद्यावर तोच फटका अगदी सावकाश दिसू लागला. क्लब आला, चेंडूला भिडला, आणि चेंडू चक्क पेढ्यासारखा चपटा झाला!

"अगं बाई!" कृष्णाईच्या तोंडून निघून गेलं.

"क्लब आणि चेंडू एकमेकांना फक्त अर्धा सहस्रांश सेकंद (एका सेकंदाच्या हजाराव्या भागाचाही निम्मा) चिकटलेले असतात. तेवढ्यात चेंडू दबतो आणि पुन्हा गोल होताना पुढे झेपावतो. फरशीवर सोडलास तर तो असा दबतच नाही. म्हणून टप्प्यावरून फटक्याचं काही कळत नाही. आता हे बघ. सम्राटचा गाभा (आतला रबरी गोळा) घट्ट आहे. खूप जोरानं मारणाऱ्याला त्या घट्टपणाचा फायदा मिळतो. तुझ्या क्लबचा वेग अजून तेवढा नाही. दोन्ही चेंडू तुझ्या हातून जवळजवळ सारखेच लांब जातात."

पडद्यावर आकडे होते. खरंच, फरक वीतभर म्हणावा इतकाच. कृष्णाईनं ओठ चावला. पण हार मानेल तर ती कृष्णाई कसली!

"मग जगज्जेते काय वेडे आहेत, सम्राट घ्यायला?"

"मुळीच नाही. ते फिरकी विकत घेतात."

हेकटरावांनी दोन्ही चेंडूंचे अर्धे कापलेले नमुने तिच्या हातावर ठेवले. सोबतीला दोनच थर होते, आत गाभा आणि वर आयनोमरचं (टणक, सहजी न ओरखडणाऱ्या प्लास्टिकचं) कवच. सम्राटला चार थर होते आणि सगळ्यात वर युरेथेनचं (मऊ पण चिवट प्लास्टिकचं) पातळ कवच. क्लबच्या तोंडावर बारीक खाचा असतात. मऊ कवच त्या खाचांमध्ये जास्त अडकतं, म्हणून जवळच्या छोट्या फटक्यात चेंडू गरगर फिरत सुटतो आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पडला की ब्रेक लावल्यासारखा थांबतो.

"मग मलाही हवी की फिरकी!"

"फिरकी म्हणजे दुधारी सुरी आहे, बाळ. चेंडूवर या खळग्या दिसतात ना? त्या स्वस्त चेंडूवर असतात तशाच महागावरही असतात. खळग्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. चेंडूमागे भोवऱ्यांचं जे शेपूट तयार होतं, ते त्यामुळे बारीक होतं आणि हवा चेंडूला कमी अडवते. गुळगुळीत चेंडू जेमतेम निम्मा लांब गेला असता. शिवाय मागच्या दिशेनं फिरणारा चेंडू हवेला खाली ढकलतो आणि हवा त्याला वर उचलते. फिरकी सरळ असेल तर चेंडू वर उचलला जातो. फिरकी तिरकी झाली तर?"

कृष्णाईला आपले फटके आठवले. तिचा प्रत्येक लांब फटका उजवीकडे वळायचा. मैदानाच्या उजवीकडे काय होतं? ऊस! आणि उसात शिरलेला चेंडू आजवर कुणाला सापडला नव्हता.

"तर... बाजूला ढकलला जाईल," ती हळूच म्हणाली.

"अगदी बरोबर. जास्त फिरकी घेणारा चेंडू तुझं कसब वाढवून दाखवतो, तशी तुझी चूकही वाढवून दाखवतो. सोबती कमी फिरतो, म्हणून कमी वळतो. तू दर खेळात चेंडू हरवतेस. उसाला सम्राट खाऊ घालून काय ऊस गोड होणार आहे?"

"पण सर मला संघातून काढतील!" कृष्णाईचा आवाज चिरका झाला. "तुम्हाला काय जातंय सांगायला? तुम्ही काय रविवारी खेळणार आहात?"

हेकटरावांनी तिच्या हातातले कापलेले नमुने परत घेतले. मग म्हणाले, "ते मला मोजता येत नाही. मी सांगायचं ते सांगितलं. सगळं कळूनही तू सम्राट मागितलास तर तो द्यावा लागेल, तू सभासदाची मुलगी आहेस. बोल, कोणता देऊ?"

कृष्णाईला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कुणाचा, तेच कळत नव्हतं. तिनं पिवळ्या सोबतींचा डबा उचलला आणि उरलेले पैसे मुठीत गच्च धरून घरी गेली. दुसऱ्या दिवशी आईच्या ड्रोनला नवी बॅटरी बसली.

आणि त्याच संध्याकाळी मैदानावर वादळ उठलं.

"हे काय आहे?" देवकर सरांनी पिवळ्या चेंडूकडे बोट दाखवलं. सर मनानं वाईट नव्हते बरं का! पण संघाचा रुबाब म्हणजे सरांचा जीव की प्राण.

"चेंडू आहे, सर. माझा."

संग्राम थोरात फिस्सकन हसला. नववीतला हा उंचापुरा गडी संघातला सगळ्यात जोरकस खेळाडू. "सर, कृष्णी लिंबू घेऊन आली खेळायला!"

"कृष्णाई, काय ठरलं होतं आपलं? सम्राट नाही तर संघ नाही."

"आपलं नाही, तुमचं ठरलं होतं. मला कुणी विचारलंच नव्हतं." तिची जीभ थांबेना. "काढायचं तर काढा, सर. पण आधी दोन्ही चेंडू मारून दाखवू द्या. सम्राटनं मी चांगली खेळले, तर मी आपण होऊन घरी जाईन."

सगळी पोरं जवळ सरकली. सरांना हे असं उलट उत्तर कुणी देत नसे. सर लालबुंद झाले, पण पिशवीतून आपले सम्राट काढून त्यांनी तिच्यासमोर टाकले.

पहिला फटका सम्राटचा. चेंडू झोकात उडाला, उजवीकडे वळला आणि सळसळत उसात गेला. दुसरा सोबतीचा. तोही वळला, पण कमी, आणि गवताच्या कडेला थांबला.

"नशीब!" सर म्हणाले.

"असेल. एका फटक्यावरून काही ठरत नाही," कृष्णाई म्हणाली. "म्हणून पुन्हा पुन्हा मारायचं. एक हा, एक तो."

अंधारून येईपर्यंत ती मारत राहिली. एक सोबतीही उसात गेला, आणि तिनं तो मोठ्यानं मोजला. लपवाछपवी नाही. पण सम्राट? तो बहुतेक वेळा उसाचाच पाहुणा झाला. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण सगळे सम्राट त्यांचेच होते.

शेवटी सरांनी हात वर केले. "बास! पटलं मला. रविवारी तू खेळतेस." पोरांनी जो गलका केला तो पार नदीपर्यंत ऐकू गेला असेल. सरांनाही जोर चढला. त्यांनी जाहीर केलं, "आता नवा नियम! उद्यापासून सगळ्यांनी सोबतीच आणायचा. सम्राट बंद!"

गलका वाढला. फक्त संग्राम हसत नव्हता. हातातल्या सम्राटकडे बघत तो खाली मान घालून उभा राहिला होता. मघाशी लिंबू म्हणून खिदळलेला हाच तो. कृष्णाईला खरं तर गार वाटायला हवं होतं.

"नाही, सर," ती म्हणाली.

"आता काय नाही?"

"संग्रामदादाला सम्राटच हवा. त्याचा हात जोरकस आहे आणि फटका सरळ आहे. त्याला फिरकी ताब्यात ठेवता येते, त्याचा चेंडू ग्रीनवर जागच्या जागी थांबतो. सोबती दिलात तर तो घरंगळत पलीकडे जाईल. सर, तुम्ही पुन्हा तेच करताय. आधी सगळ्यांना एक महाग चेंडू, आता सगळ्यांना एक स्वस्त चेंडू. पण आमचे फटके कुठे एक आहेत?"

आत्ता कुठे पोरगी संघात आली होती, आणि आत्ताच पुन्हा सरांच्या तोंडाला लागली! संग्राम तिच्याकडे टकामका बघत राहिला.

"पण ज्यानं त्यानं आपापलं बघायचं," संग्राम पुटपुटला, "तर कुणाला कोणता, हे ठरवायचं कसं?"

"मारून," कृष्णाई म्हणाली. "किती जोर आहे, चेंडू किती वळतो, किती हरवतात आणि घरी परवडतं किती, एवढं बघायचं. पुढच्या वर्षी मी मोठी होईन, फटका बदलेल, तेव्हा माझाही चेंडू बदलेल. मग मी मागेन की सम्राट!"

देवकर सरांनी एकदा उसाकडे पाहिलं. मग त्यांनी गवतावरचा पिवळा चेंडू उचलला, दुसऱ्या हातात उरलेला शेवटचा सम्राट घेतला आणि दोन्हींकडे असं निरखून पाहिलं, जणू पहिल्यांदाच चेंडू बघताहेत.

"कृष्णाई," सरांनी घसा खाकरला, "आणि माझा कोणता?"

सगळी पोरं तिच्याकडे बघायला लागली. कृष्णाईनं आपला क्लब उचलला आणि सरांच्या हातात दिला.

"आधी मारून दाखवा, सर. मग बघू."