शेजाऱ्यांचं पाणी

हे खरं घडलेलं आहे. भावोजींनी वाचलं तर माझं ताईकडे जाणं बंद होईल. तरी लिहितेय. खोट्यासाठी कोण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेईल?

उन्हाळ्यातला रविवार. दुपारचे तीन. जागा, ताईच्या घरामागचा स्विमिंग पूल.

पूल कसला, डबकं. पाच पावलं लांब, तीन पावलं रुंद. पण भावोजींचा तोरा असा, की समुद्रच विकत घेतलाय.

मग फिल्टर बदला, क्लोरिन आणा, मोटर जळली, विजेचं बिल आलं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी देखभालीला येणाऱ्या काकांना काढून टाकलं.

"जाळी फिरवायला माणूस कशाला? मी आहे ना."

जाळी अर्थातच ताई फिरवू लागली.

पाणी हिरवं झालं. उपसावं लागलं. टँकर महाग. नेमके तेव्हाच पलीकडचे शेजारी आपला पूल कायमचा बुजवायला निघाले होते. या महाशयांनी कुंपणावरून पाइप टाकला आणि त्यांचं पाणी फुकटात ओढून घेतलं.

शेजारीणबाई नुसत्या बघत होत्या.

"मुलीला उतरवू नका..." एवढंच म्हणाल्या. आठवड्याभरात शेजारी घर सोडून गेले.

पूल गळतोय अशी ताईची शंका, म्हणून काकांनी जाण्याआधी टाइलवर पेन्सिलीने रेघ ओढली होती. पाणी त्या रेघेपर्यंत भरलेलं. भावोजी उतरले की ते बोटभर वर चढायचं. देहच तसा. बाहेर आले की पुन्हा रेघेवर.

त्या रविवारी भावोजी डुंबून बाहेर आले. टॉवेल गुंडाळून खुर्चीत पसरले. माझं सहज रेघेकडे लक्ष गेलं.

पाणी खाली आलंच नव्हतं...

नळ बंद. पाइप गुंडाळून ठेवलेला. दहा मिनिटं मी तिथेच बसले. पाणी बोटभर वरच.

"भावोजी, पाण्यात अजून कुणीतरी आहे."

"तुम्ही दोघी बहिणी सारख्याच. एकीला पूल गळताना दिसतो, दुसरीला पाणी चढताना."

"हे पाणी उपसा. चिऊ कधीही उतरेल."

"आणि टँकर तुझ्या पगारातून आणू?"

असा हा माणूस. पोटच्या पोरीपेक्षा टँकर मोठा. मला त्यांची किळस आली.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"मावशी, मी उतरले बघ."

चिऊ. ताईची सहा वर्षांची पोर. पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभी.

मी धावले. दंडाला धरून तिला ओढू लागले... आणि रेघ दिसली.

चिऊ आत होती. पाणी आणखी वर चढायला हवं होतं.

ते खाली उतरलं होतं. बरोबर बोटभर.

"ओढू नकोस ना," चिऊ म्हणाली. "मला जागा हवी म्हणून ते बाहेर आले."

"कोण?"

तिने घराकडे बोट दाखवलं. मागचं दार उघडं होतं...

आत ताई एकटीच होती. तिला काहीच दिसलं नाही.

आज तिचा फोन आला. भावोजींनी शेवटी पूल उपसला. "आता तरी खूश का?" असं मला विचारायला सांगितलंय म्हणे. मोठे उपकारच केले. रिकामा पूल घेऊन मी काय करू?

मी उत्तर देणार, तेवढ्यात फोनमधून मागे चिऊचा आवाज आला...

"सरका ना थोडं. मला बसायला जागाच नाही."

"ताई, भावोजी घरी आहेत का?"

"नाही गं. सकाळीच ऑफिसला गेले. का?"

मी चिऊला आणायला निघालेय. येताना ती एकटीच येईल ना, एवढंच कळत नाहीये.